संवेदनशील त्वचेवर कोरफड, ओट आणि मंडूकपर्णी: आधी काय, किती आणि कुठे थांबायचं

चेहरा चुरचुरतोय म्हणून कोरफड लावली आणि आग दुप्पट झाली, ही तक्रार नेहमीची आहे. अशा वेळी कोरफडीला नावं ठेवण्याआधी चार गोष्टी बघाव्यात. पानातला पिवळा चीक निथळला होता का? त्वचा आधीच सोललेली होती का? त्याच वाटीत लिंबू, हळद, गुलाबपाणी असं आणखी काही होतं का? आणि चाचणी केली होती का? यातलं एक जरी चुकलं, तरी निरुपद्रवी वस्तूही झोंबते.

इथे घरी करता येण्याजोग्या दोनच वस्तू घेतल्या आहेत, कोरफड आणि ओट. मंडूकपर्णी, कॅलेंडुला आणि कॅमोमाइल या त्वचा शांत करण्यासाठी क्रीममध्ये घातल्या जाणाऱ्या वनस्पती घरी करण्याच्या भानगडीत पडू नका, त्या विकतच घ्याव्यात. त्या कशा निवडायच्या ते टप्पा ५ मध्ये आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. घाईत गाळला जातो तो पहिला टप्पा, आणि पुढचं सगळं बिघडतं ते त्यामुळेच.

## टप्पा १: आधी त्वचेला विश्रांती (१० ते १४ दिवस)

चिडलेल्या त्वचेचा वरचा थर फाटक्या छपरासारखा असतो. आतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. अशा वेळी काहीही लावलं तरी झोंबतं, आणि मग हे झोंबणं वस्तूचं की त्वचेच्या अवस्थेचं, हे कळायला मार्ग उरत नाही.

म्हणून या दिवसांत पूर्ण बंद: स्क्रब, रेटिनॉल, ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिक आम्ल, व्हिटॅमिन सी सीरम, सुवासिक साबण, वाफ घेणं, ब्लीच, थ्रेडिंगनंतर लावायचं तुरटीचं पाणी. (यातलं काही डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर त्यांना विचारून थांबवा.)

चालू ठेवायचं ते एवढंच:

1. कोमट पाणी. मनगटाच्या आतल्या बाजूला गरम लागलं तर ते जास्त गरम आहे.
2. दिवसातून एकदा, संध्याकाळी, साबणविरहित सौम्य क्लेन्झर. साध्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या घरात असतो, तर त्वचेचा साधारण ५. बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर साबणाचा थर त्वचेवर जास्त राहतो, त्यामुळे तिथे ही काळजी दुप्पट.
3. बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, तोंड टिपल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत, त्वचा ओलसर असतानाच. फार कोरडी जागा असेल तर वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.
4. उन्हात जायचं असेल तर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. तेही झोंबत असेल तर टोपी आणि ओढणी.

तपासा: चेहऱ्यावर नुसतं पाणी मारल्यावर चुरचुरतं का? सलग तीन दिवस चुरचुरलं नाही तर पुढे जा. चौदा दिवसांनंतरही चुरचुरत असेल तर हा लेख बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

सावधान: गोरेपणासाठी किंवा नायट्यासाठी दुकानातून आणलेलं मलम महिनोन्महिने चेहऱ्यावर लावत असाल, तर त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलं आहे का ते वाचा. असं मलम थांबवल्यावर चेहरा लालबुंद होऊन पेटतो, आणि ती आग कोरफडीने विझत नाही. ते कसं सोडायचं हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं लागतं.

## टप्पा २: कोरफडीचा गर काढणं

झाड ओळखा. नर्सरीत कोरफडीच्या नावाखाली शोभेच्या जाती सर्रास मिळतात, आणि बांधावरची घायपात लांबून तशीच दिसते. घायपातीच्या पानाच्या टोकाला कडक काळपट सुईसारखा काटा असतो, आतून पान दोरखंडासारखं तंतुमय असतं आणि त्याच्या रसातल्या सूक्ष्म स्फटिकांनी त्वचेवर पुरळ उठतं. खऱ्या कोरफडीचं पान मांसल असतं, कडेचे काटे मऊ, आणि कापल्यावर आत पारदर्शक गराची वडी दिसते. खात्री नसेल तर ते झाड कुंडीतच शोभू द्या.

कृती:

1. सगळ्यात खालचं, बाहेरचं, पूर्ण वाढलेलं पान बुडापासून कापा. हात आणि सुरी आधी साबणाने धुवा.
2. पान कापलेली बाजू खाली करून पेल्यात १५ ते २० मिनिटं उभं ठेवा. पिवळा, कडू चीक निथळतो. त्वचेला झोंबणारी आणि खाज आणणारी वस्तू हीच. सालीच्या लगेच आत तिच्या नळ्या असतात.
3. पान धुवून दोन्ही कडांच्या काटेरी पट्ट्या कापून टाका. मग वरची साल काढा. इथे कंजूषपणा नको: सालीला चिकटलेला २-३ मिलिमीटर गर गेला तरी चालेल, कारण चीक तिथेच उरतो.
4. गराची वडी वाहत्या पाण्याखाली धुवा.
5. पांढऱ्या टिश्यूवर वडी दाबून बघा. पिवळा डाग उमटला तर पुन्हा धुवा.
6. पाणी न घालता मिक्सरमध्ये पाच सेकंद फिरवा आणि गाळून घ्या. वरचा फेस काढून टाका.

साठवण: फ्रिजमध्ये झाकणाच्या काचेच्या डबीत दोन दिवस, फार तर तीन. उरलेला बर्फाच्या छोट्या साच्यात गोठवा आणि दोन आठवड्यांत संपवा. गोठवलेली वडी थेट चेहऱ्यावर फिरवायची नाही, वाटीत वितळू द्यायची. रंग गुलाबी किंवा तपकिरी झाला, वास आंबूस आला, की फेकायचा.

व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून घातली की गर महिनाभर टिकतो, असा समज आहे. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून काही काळ वाचवतं. जिवाणू आणि बुरशी त्याला जुमानत नाहीत, आणि कोरफडीच्या गरात ९८-९९ टक्के पाणीच असतं. पाणी असलेली कोणतीही घरगुती वस्तू परिरक्षकाशिवाय (प्रिझर्वेटिव्हशिवाय) ठेवली की ती जिवाणूंची शेती होते. हाच नियम काकडीच्या रसाला, ग्रीन टीच्या पाण्याला आणि घरी केलेल्या गुलाबपाण्यालाही लागू आहे.

## टप्पा ३: ओटची पूड

संवेदनशील, खाजऱ्या, कोरड्या त्वचेसाठी या यादीतली सर्वांत भरवशाची वस्तू ओटच. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००३ मध्ये बारीक दळलेल्या ओटला त्वचासंरक्षक म्हणून मान्यता दिली. त्यातलं बीटा-ग्लुकान पाणी धरून ठेवतं आणि ॲव्हेनॅन्थ्रामाइड नावाची संयुगं खाज कमी करतात. पण ही किमया पिठासारख्या बारीक पुडीची आहे. जाडसर भरड घेऊन चेहरा घासणं म्हणजे त्वचेवर वाळू फिरवणं.

1. साधे, बिनमसाल्याचे, बिनसाखरेचे ओट १ वाटी घ्या. पाकिटावर घटक एकच हवा.
2. पूर्ण कोरड्या मिक्सरच्या भांड्यात १५-१५ सेकंद थांबत थांबत, एकूण दीड-दोन मिनिटं दळा. सलग फिरवलं तर पूड गरम होऊन भांड्याला चिकटते.
3. मैद्याच्या चाळणीने चाळा. वर राहील ते परत दळा.

तपासा: पेलाभर पाण्यात एक चमचा पूड घालून ढवळा. पाणी दुधासारखं झालं आणि बोटांना रेशमी लागलं तर जमलं. मिनिटभरात सगळं तळाशी बसून वर पाणी निवळत असेल तर पूड अजून जाड आहे.

कोरड्या हवाबंद बरणीत ती महिनाभर राहते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात आठवड्यापुरतीच करा, दमट हवेत तिला लगेच कुबट वास धरतो.

वापराच्या तीन रीती:

*बादलीचं पाणी.* १५ ते २० लिटर कोमट पाण्यात ३ मोठे चमचे पूड. आधी वाटीभर पाण्यात कालवून मग बादलीत ओता, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. नेहमीची आंघोळ उरकल्यावर शेवटी हे पाणी अंगावर सावकाश घ्या, वरून साधं पाणी ओतू नका, टॉवेलने टिपा आणि लगेच मॉइश्चरायझर लावा. न्हाणीघराची फरशी यानं तेल सांडल्यासारखी निसरडी होते. घरात वयस्कर माणसं असतील तर आंघोळीनंतर फरशी धुतल्याशिवाय बाहेर येऊ नका.

*पुरचुंडी.* मलमलच्या कापडात २ मोठे चमचे पूड बांधा, पाण्यात भिजवा, पिळून निघणारं दुधी पाणी त्वचेवर सोडा. पुरचुंडीने घासायचं नाही. वापरलेली पूड दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही, कापड धुवून उन्हात वाळवायचं.

*चेहऱ्यासाठी लेप.* १ चमचा पूड, ३ चमचे पाणी, पाच मिनिटं फुगू द्या. पातळ थर पाच मिनिटंच ठेवा आणि वाळायच्या आत पाण्याने सैल करून धुवा. लेप कडक वाळेपर्यंत ठेवायची सवय मुलतानी मातीमुळे लागलेली आहे. वाळताना तो त्वचेतलं पाणी ओढतो आणि खरवडून काढताना त्वचेचा उरलासुरला वरचा थर निघतो.

सावधान: तान्ह्या बाळाला इसब असेल, त्वचा फाटलेली किंवा ओली असेल, तर बेसन, साय, कणीक, बदामाची पूड आणि घरचा ओट यांपैकी काहीही त्वचेवर नको. तुटलेल्या त्वचेतून अन्नातली प्रथिनं आत गेली, की शरीर त्यांना शत्रू समजायला शिकू शकतं आणि पुढे तोच पदार्थ खाल्ल्यावर ॲलर्जी होऊ शकते. जपानमध्ये गव्हाचं प्रक्रिया केलेलं प्रथिन असलेल्या एका चेहऱ्याच्या साबणामुळे दोन हजारांहून जास्त लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली आणि २०११ मध्ये तो साबण बाजारातून परत घ्यावा लागला. मोठी माणसं होती ती, बाळं नव्हेत. ओट खाऊन ज्यांना त्रास होतो त्यांनीही तो अंगाला लावू नये.

## टप्पा ४: चाचणी, २४ तासांची नव्हे, सात दिवसांची

कानामागे लावून दुसऱ्या दिवशी बघायचं, ही चाचणी निम्मंच सांगते. साधी जळजळ लगेच कळते, पण स्पर्शजन्य ॲलर्जी ४८ ते ९६ तासांनी उमटते, कधी कधी वारंवार लावल्यावरच. त्यामुळे सोमवारी चाचणी ‘पास’, मंगळवारी चेहऱ्यावर लेप आणि शुक्रवारी लग्नात सुजलेला चेहरा, असं घडतं.

1. हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खळग्याच्या दोन बोटं खाली, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी जागा ठरवा. पेनाने चार कोपरे खुणा करा.
2. तिथे वस्तू दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. कोरफड किंवा विकतचं क्रीम लावून सोडा. ओटचा लेप पाच मिनिटांनी धुवा. जशी चेहऱ्यावर वापरणार तशीच इथे वापरायची.
3. एका वेळी एकच वस्तू. दुसरीची चाचणी पहिलीची संपल्यावर.
4. रोज त्याच उजेडात मोबाइलवर फोटो काढा. तिसऱ्या दिवशीचा तांबूसपणा पाचव्या दिवशी आठवणीतून वाढलेला की खरा वाढलेला, हे फोटोच सांगतो.
5. हात ठीक राहिला तर कानाखाली जबड्याच्या कडेला तीन दिवस. मग चेहरा.

स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना चाचणी करू नका. ॲलर्जी असली तरी ती दबून राहते आणि निकाल खोटा चांगला येतो.

‘थोडं चुरचुरणारच, म्हणजे काम करतंय’ हे वाक्य संवेदनशील त्वचेच्या बाबतीत डोक्यातून काढून टाका. शांत करणाऱ्या वस्तूने शांतच वाटलं पाहिजे. मिनिटभराहून जास्त चुरचुरलं तर धुवा.

## टप्पा ५: विकतचं घेताना वेष्टन कसं वाचायचं

पुढच्या बाजूवरचं पान-फूल बघायचं नाही, मागची यादी वाचायची. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने असतात, फक्त एक टक्क्याच्या खालचे कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे वनस्पतीचं नाव परिरक्षकाच्याही मागे, अगदी शेवटी असेल तर ते बहुधा नावापुरतंच.

मंडूकपर्णी यादीत ‘सेंटेला एशियाटिका’ या नावाने येते, कोरियन क्रीमांवर तिला ‘सिका’ म्हणतात. आपल्याकडे ब्राह्मी हे नाव हिलाही लावतात आणि जलब्राह्मीलाही, म्हणून मराठी नावावर विसंबू नका. कुंडीतली पानं वाटून लावणं हा तिचा पर्याय नाही. ही वनस्पती ओलसर जमिनीला चिकटून वाढते, पानांसोबत मातीतले जिवाणू येतात, आणि क्रीममध्ये असतो तो शुद्ध केलेला, मोजून घातलेला अर्क.

कॅलेंडुला म्हणजे आपला झेंडू नव्हे. तोरणातला झेंडू वेगळ्या प्रजातीचा, टॅगेटिसचा आहे. त्यातली काही संयुगं उन्हात त्वचेला त्रास देतात. दसऱ्याची उरलेली फुलं तेलात उकळून ‘कॅलेंडुला तेल’ होत नाही.

कॅमोमाइल आणि गाजर गवत एकाच कुळातले. पुण्यात १९५५ च्या सुमारास नोंदलं गेलेलं हे काँग्रेस गवत आता बांधाबांधावर आहे आणि त्याने अनेकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या खळग्यात जुनाट खाजरा इसब उठतो. शेतात गेल्यावर किंवा शेवंतीच्या फुलांनी असा त्रास होत असेल, तर कॅमोमाइलच्या वाटेला जाऊ नका. कॅलेंडुलाही त्याच कुळातला, त्यामुळे तोही टाळलेला बरा.

हे दिसलं तर वस्तू परत ठेवा: परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स, मेंथॉल, कापूर, पुदिन्याचं तेल, ‘अल्कोहोल डिनॅट’ पहिल्या पाचांत, आणि लिमोनीन, लिनालूल, सिट्राल, जिरॅनिऑल. शेवटची चार नावं सुगंधी तेलांतून येतात. लॅव्हेंडर ‘नैसर्गिक’ असलं तरी हवेशी संयोग पावलेलं लिनालूल ॲलर्जी आणतंच. निसर्गातला बिब्बाही शंभर टक्के नैसर्गिक असतो, आणि तो उतल्यावर काय होतं ते ज्याच्यावर उतला त्याला विचारा.

आणखी एक फसवी जागा: ‘अनसेंटेड’ म्हणजे वास येत नाही एवढंच, मूळ वास झाकायला त्यात सुगंध घातलेला असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हवं. हिरवागार कोरफड जेल दिसला तर तो रंग आहे, गर पाण्यासारखा असतो.

## टप्पा ६: रोजचा क्रम

संध्याकाळी: कोमट पाणी, क्लेन्झर, टिपून घ्या. ओलसर त्वचेवर अर्धा छोटा चमचा कोरफडीचा गर, सगळ्या चेहऱ्याला पुरतो. एक-दोन मिनिटांत, तो पूर्ण वाळायच्या आत, मॉइश्चरायझर. एकटी कोरफड रात्रभर ठेवली तर पाणी उडून जातं आणि सकाळी चेहरा ओढल्यासारखा होतो. कोरफड ओलावा देते, तो कोंडून ठेवायला वर क्रीम लागतंच.

ओटचा लेप आठवड्यातून दोनदा, त्या दिवशी कोरफड नको. मंडूकपर्णीचं क्रीम असेल तर तेच मॉइश्चरायझरच्या जागी, दोन्ही थर नकोत. सकाळी नुसतं पाणी, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन.

विदर्भ-खानदेशच्या कोरड्या थंडीत घट्ट क्रीम लागेल. किनारपट्टीच्या घामट हवेत तेच क्रीम घामोळं आणेल, तिथे पातळ लोशन. खोबरेल अंगाला उत्तम, पण पुरळ येणाऱ्या चेहऱ्याला ते छिद्रं बुजवतं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल संवेदनशील त्वचेवर नकोच, दोन्ही त्वचेचा वरचा थर कमकुवत करतात.

चार आठवडे हेच. त्वचेचा थर नवा व्हायला साधारण तेवढे दिवस लागतात, त्याआधी निकाल लावू नका.

## वाटीत काय मिसळायचं नाही

लिंबू: पीएच २ च्या आसपास, शिवाय लिंबाच्या सालीतली संयुगं उन्हात गेल्यावर भाजल्यासारखे काळे चट्टे उठवतात, तेही दोन-तीन दिवसांनी, त्यामुळे दोष लिंबाला कुणी देत नाही. खायचा सोडा: दुसऱ्या टोकाचा, पीएच ८ च्या वर. दालचिनी, लवंग, टूथपेस्ट: थेट जळजळ. कडुलिंबाचा पाला वाटून: कोरडेपणा वाढवतो.

दिवाळीचं उटणं हा वेगळा प्रश्न. नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद, वाळा, संत्र्याची साल, गुलाब, शिवाय पाकीटबंद असेल तर सुगंध. एक ना धड भाराभर चिंध्या. अंगावर उठलं तर कशाने, ते सांगता येत नाही. संवेदनशील त्वचेच्या माणसाने अभ्यंगाला तेल लावावं, उटण्याच्या जागी ओटचं दुधी पाणी घ्यावं, आणि आग्रह झालाच तर उटणं पायापुरतं. हळदीच्या कार्यक्रमालाही गालाऐवजी हात पुढे करावेत, उरलेले लोक समजून घेतात.

## उठलंच तर

1. साध्या गार पाण्याने पाच ते दहा मिनिटं धुवा. बर्फ थेट नको.
2. वर पेट्रोलियम जेली, बाकी सगळं बंद. आग शमवायला तिसरीच वस्तू लावू नका.
3. फोटो काढा, काय लावलं, किती वाजता, हे लिहून ठेवा.
4. टप्पा १ वर परत. ती वस्तू पुन्हा घरात आणायची नाही.

ओठ-पापण्या सुजल्या, अंगभर गांधी उठल्या, श्वास अडखळला किंवा चक्कर आली तर लगेच दवाखाना गाठा. पाणी भरलेले फोड, पिवळी खपली, ताप, किंवा तीन दिवसांत न ओसरणारी लाली असेल तर त्वचारोगतज्ज्ञ.

तिथे जाताना वस्तू वेष्टनासकट न्या, कोरफड असेल तर पानाचा तुकडाही. कारण सापडत नसेल तर पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट करतात. पट्ट्या दोन दिवस राहतात, त्या काढताना एकदा आणि पुढे दोन दिवसांनी पुन्हा पाठ बघावी लागते. तेवढे दिवस पाठ भिजवता येत नाही आणि घाम चालत नाही, त्यामुळे मे महिन्यातली तारीख घेऊ नका.